अर्ध्या दिवसाची वेतनवाढ

महिन्याचं पगारपत्रक तयार झालं की माणूस आधी स्वतःचा आकडा बघतो. मी आधी तिचा बघायचे. तिचा मूळ पगार, मग माझा, मग दोन्हींतला फरक. फरक दरवर्षी एका वेतनवाढीचा, कमी नाही की जास्त नाही. तो एके दिवशी आपोआप मिटेल अशी काही शक्यता नव्हती, आणि हे माझ्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, कारण पत्रक मीच तयार करत होते. तरी बघायचे. किडक्या दाताकडं जीभ जाते तशी नजर तिच्या ओळीवर जायची.

तेरा वर्षं हे चाललं होतं.

कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखा सांभाळते. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, रजा, पगारातले बदल. प्रत्येकाचं एक जाडजूड सेवापुस्तक असतं, त्यात नोकरीला लागल्या दिवसापासूनची एकेक नोंद असते, आणि ती सगळी पुस्तकं माझ्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. लोक मला भिऊन असतात असं नाही, पण रजेचा अर्ज आणताना सोबत चहा सांगतात.

ती आणि मी एकाच भरतीतल्या. एकाच दिवशी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. ती कसबा बावड्याची, शेतकऱ्याघरची. घरचा ऊस, दारात म्हशी, बोलणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. मी मंगळवार पेठेतली, मास्तरांची मुलगी, लग्न होऊन गेले तेही त्याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून. सुरुवातीची वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिची भाकरी आणि खर्डा, माझी पोळी आणि उसळ. ती माझी पोळी बोटांनी उचलून म्हणायची, "ह्यातनं पलीकडचं दिसतंय की गं. ह्यावर दिवस काढतीस व्हय?" मी हसायचे. तेव्हा मला तिचं सगळं आवडायचं.

मग आमची बढती झाली. एकाच आदेशावर दोघी, वरिष्ठ लिपिक म्हणून. नव्या पदावर रुजू व्हायचं होतं एक जानेवारीला.

आदल्या दिवशी कार्यालय सुटताना तिनं मला जिन्यात गाठलं. "उद्या धाच्या ठोक्याला ये. पयला सही करू, मग कुठं जायाचं तिकडं जाऊ."

"आधी अंबाबाईला जाणार हाय मी," मी म्हटलं. "सासूबाईंनी खण-नारळ आणून ठेवलाय."

"देवी कुठं पळून चाललीया व्हय? दुपारी जा की."

मला ते आवडलं नाही. चांगल्या कामाला हात घालण्याआधी देवीला जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. मी सकाळी आठलाच देवळात गेले. पण तो इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी अख्खं गाव भरलेलं. रांग पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत. मी ओटीचं ताट हातात धरून चार तास उभी राहिले. पुढं जायचं म्हटलं तर रांग हलेना, मागं फिरायचं म्हटलं तर देवीला अर्ध्यातून पाठ दाखवल्यासारखं होईल. शेवटी ओटी भरली, रिक्षा केली आणि कार्यालयात पोचले तेव्हा पाऊण वाजला होता.

आस्थापना त्या वर्षी माझ्याकडं येईपर्यंत एका म्हाताऱ्या कारकुनाकडं होती. त्यांना सगळं कार्यालय आण्णा म्हणायचं. आण्णांनी माझा रुजू अहवाल घेतला, चष्म्यावरून घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, बारा वाजून गेलं. आता मध्यान्हनंतर लिवावं लागतंय."

"लिवा की," मी म्हटलं. अर्ध्या दिवसानं काय होतंय! त्यांना प्रसादाचा पेढा दिला आणि हसत सही केली. ती तेव्हा तिथंच टेबलाशी उभी होती. ती मात्र हसत नव्हती, हे मला आत्ता आठवतं.

काय होतं ते जुलैत कळलं. वार्षिक वेतनवाढ एक जुलैला मिळते, पण त्या दिवशी पदावर सहा महिने पूर्ण व्हायला लागतात. ती एक जानेवारीला सकाळी रुजू झाली, तिचे सहा महिने भरले. दुपारी रुजू झालेल्याचा तो दिवस धरत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून मोजतात. माझा एक दिवस कमी पडला. तिची वेतनवाढ त्या जुलैत झाली, माझी पुढच्या. आणि पुढच्या जुलैत तिला दुसरी मिळाली. ती कायमची एक पायरी वर गेली, आणि मी आयुष्यभर तिच्या मागून जिना चढणार हे त्या दिवशी नक्की झालं.

त्या जुलैत तिनं सगळ्यांना भजी मागवली. मला म्हणाली, "खा की."

"पोटात दुखतंय," मी म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तेव्हापासून आमचे डबे वेगळे झाले. भांडण नाही, काही नाही. मी माझ्या टेबलावर जेवायला लागले. तिनं दोन-तीनदा हाक मारली, मग मारायची सोडली. आपली मैत्रीण काय चुकली, हे मला सांगता आलं नसतं. ती वेळेवर आली होती, एवढंच तिचं चुकलं होतं. पण हेवा एकदा घरात शिरला की त्याला कारण लागत नाही, तो समोर दिसेल त्याच्यावर बसतो. तिनं बावड्यात बंगला बांधला, मला जळजळ. तिची स्कूटर जाऊन गाडी आली, मला जळजळ. माझे केस पंचेचाळिशीला पिकले, तिचे पन्नाशी उलटली तरी काळेभोर. रंगवत असेल म्हणून मी तिच्या भांगाकडं जवळून बघितलं. रंगवत नव्हती. गुऱ्हाळं सुरू झाली की ती सगळ्यांना काकवीच्या बाटल्या आणायची. माझ्या टेबलावरही एक ठेवून जायची, काही न बोलता. मी ती घरी नेऊन सासूबाईंना द्यायचे आणि स्वतः एक चमचा चाखायचे नाही. सासूबाई म्हणायच्या, "गोड हाय की गं, घे की." नको म्हणजे नको.

आणि मग दरवर्षी मे महिना यायचा.

मे अखेरपर्यंत प्रत्येकानं आपल्या मालमत्तेचं आणि कर्जाचं विवरणपत्र भरून द्यायचं असतं. घर, जमीन, वाहन, सोनं, ठेवी, काय देणं आहे ते. बंद लिफाफ्यात, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून. ते लिफाफे मी नोंदवून कपाटात ठेवते. कुणी उघडत नाही. चौकशी लागली तरच उघडायचे, आणि आमच्याकडं कधी कुणाची लागली नाही. पण तिचा लिफाफा हातात आला की माझे हात शिवशिवायचे. एका वर्षी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले असताना मी तो ट्यूबलाइटसमोर धरला. तांबूस जाड कागद, आतली अक्षरं एकावर एक. ट्रॅक्टर असं काहीतरी वाचल्याचा भास झाला. मान वाकडी करून बघतेय तोवर दाराशी कुणीतरी आहे असं वाटलं. ती उभी होती. कधीपासून, देव जाणे.

"पंखा मोठा कर की, उकडतंय," एवढंच ती म्हणाली आणि गेली.

पुढं कितीतरी दिवस मी तिच्या ट्रॅक्टरचा विचार करत होते. माझं स्वतःचं विवरणपत्र पाच मिनिटांत भरून व्हायचं. मंगळवार पेठेतल्या घरात तिसरा हिस्सा, एक स्कूटर, मंगळसूत्र आणि चार बांगड्या.

यंदा ती निवृत्त व्हायची होती. तिची जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीत निम्म्या लोकांची एक जूनच असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. माझीही एक जूनच, पण पुढच्या वर्षीची. एक जूनवाला एकतीस मेला घरी जातो. म्हणजे तिचं पेन्शनचं प्रकरण मला करायचं होतं.

त्यासाठी सेवापुस्तक आधी वेतन पडताळणी पथकाकडं पाठवावं लागतं. तिथले लोक पहिल्या नेमणुकीपासूनची प्रत्येक वेतननिश्चिती तपासतात. कुठं जास्त पगार दिला गेलाय असं दिसलं की पगार खाली आणायला लावतात, आणि इतकी वर्षं जास्त दिलेलं वसूल करा म्हणतात. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय पेन्शन पुढं सरकत नाही.

मार्चमध्ये मी तिचं पुस्तक काढलं आणि पानं तपासायला बसले. बढतीच्या पानावर पुढच्या वेतन आयोगाचा तक्ता चिकटवलेला होता. खाली काय आहे ते इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं, मीही नाही. डिंक सुकून त्याचा कोपरा उचलला होता. मी तो हळूच सोडवला. खाली आण्णांच्या अक्षरात नोंद होती: एक जानेवारी रोजी वरिष्ठ लिपिक पदावर रुजू. आणि वेळेच्या जागी खाडाखोड. आधी मध्यान्हनंतर लिहिलेलं होतं. ते खोडून वर मध्यान्हपूर्व केलेलं. शेजारी कुणाची सही नाही.

सेवापुस्तकात खाडाखोड केली तर शेजारी साहेबाची सही लागतेच. नसेल तर ती नोंद खोटी धरतात.

मला आनंद झाला. लपवून काय करू? असा आनंद मला मुलाच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. म्हणजे तीसुद्धा उशिराच आली होती! आणि आण्णांना गोड बोलून, काकवीची बाटली देऊन, वेळ बदलून घेतली होती. सगळं जुळत होतं. तेरा वर्षं मी स्वतःला दोष देत आले, देवळातल्या रांगेला दोष देत आले, एकदा तर देवीलाही बोल लावला, आणि ही बाई खोट्या सहा महिन्यांवर माझ्या पुढं गेली होती.

यात मला काय मिळणार होतं? काही नाही. माझा पगार एका रुपयानं वाढणार नव्हता. तिचा कमी होणार होता. तेरा वर्षांचा फरक तिच्या निवृत्तीच्या रकमेतून कापला जाणार होता, आणि पेन्शनही जन्मभर तेवढी कमी मिळणार होती. मला तेवढं पुरेसं होतं.

मी टिप्पणी लिहिली. "सदर नोंदीत खाडाखोड असून ती साक्षांकित केलेली नाही. मूळ रुजू अहवालावरून खातरजमा होईपर्यंत प्रकरण पडताळणीस सादर करणे उचित होणार नाही." इतकं सुबक सरकारी मराठी मी नोकरीत दुसऱ्यांदा लिहिलं नाही.

आमचे साहेब तरुण, परीक्षा देऊन थेट आलेले, विदर्भातले. त्यांनी वाचलं. "मॅडम, त्या बाई दोन महिन्यांत चालल्या ना? हे आत्ता काढायलाच पाहिजे का?"

"पथकानं काढलं तर आपल्यावर येईल, साहेब."

ते खरंच होतं. त्यांनी तिच्याकडून खुलासा मागवला.

खुलासा मागणारं ज्ञापन मिळाल्यावर ती ते हातात घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आली. शाखेतले सगळे कान टवकारून बसलेले.

"ही टिप्पणी तू लिवलीस?"

"नियमानं लिवावं लागतंय."

"व्हय. नियम हायच की." तिच्या आवाजाची मला भीती होती, पण आवाज चढला नाही. ज्ञापनाची घडी करून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला. दोनच ओळी. "मी त्या दिवशी सकाळी दहा वाजता रुजू झाले आहे. खाडाखोडीबाबत मला काही सांगावयाचे नाही." माहीत नाही, असं लिहिलं नव्हतं. सांगावयाचे नाही, असं लिहिलं होतं. साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि मला मूळ रुजू अहवाल शोधायला सांगितला.

अभिलेख कक्ष आमच्या तळमजल्यावर आहे. लोखंडी मांडण्या, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर बोटभर धूळ. शिपाई म्हणाला, "मॅडम, मी बघतो की." मी त्याला हात लावू दिला नाही. पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून तीन दिवस मी एकटी गठ्ठे सोडत होते. घरी गेले की शिंकून शिंकून हैराण. आमचे हे म्हणाले, "कुणाचं भलं करायला एवढी राबतीयास?"

तिसऱ्या दिवशी बढतीचा गठ्ठा सापडला. वर माझा रुजू अहवाल, पाऊण वाजता मिळाल्याची आण्णांची नोंद. खाली तिचा. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं, आण्णांची सही, त्यावर शिक्का.

ती वेळेवरच आली होती. मग खाडाखोड कसली?

तिच्या अहवालाला मागं आणखी एक कागद टाचलेला होता. तिचंच अक्षर, उजवीकडं कललेलं, घाईचं. मी तो तिथंच, बल्बखाली उभी राहून वाचला.

"माझ्यासोबत पदोन्नती झालेल्या माझ्या सहकारी देवदर्शनास गेल्यामुळे आज दुपारी रुजू झाल्या आहेत. त्यामुळे त्यांची वेतनवाढ एक वर्ष पुढे जाईल. तरी त्यांना मध्यान्हपूर्व रुजू झाल्याचे समजावे ही विनंती. ते शक्य नसल्यास मलाही त्यांच्याप्रमाणेच मध्यान्हनंतर रुजू समजावे, म्हणजे आम्हा दोघींत फरक राहणार नाही."

खाली आण्णांनी लिहिलं होतं, "विनंतीप्रमाणे अर्जदाराची नोंद मध्यान्हनंतर घेतली आहे." आणि त्याखाली तेव्हाच्या साहेबांचं लाल शाईतलं, "असे करता येत नाही. वस्तुस्थितीप्रमाणे नोंद ठेवावी. दप्तरी दाखल." म्हणून आण्णांनी पुस्तकातली नोंद पुन्हा खोडून मध्यान्हपूर्व केली होती आणि साहेबाची सही घ्यायला विसरले होते.

मी गठ्ठ्यावरच बसले. लाज वाटली म्हणावं तर तसं नाही, निदान आधी तरी नाही. आधी वाटलं, हा कागद फाडून टाकावा. तो साहेब वाचणार, शाखा वाचणार, पथक वाचणार, आणि शेजारीच माझी ती सुबक टिप्पणी. नुसता तिचा रुजू अहवाल दिला तर? पण मग आधी मध्यान्हनंतर का लिहिलं, हे पथक विचारणारच, आणि त्याचं उत्तर फक्त या एका कागदात होतं. तो नसेल तर तिचा पगार खाली येणार. तिला माझ्या टिप्पणीतून सोडवायचं तर मला सगळ्यांसमोर उघडं पडायला लागणार होतं.

मी कागद पर्समध्ये घातला आणि घरी नेला. सरकारी कागद घरी नेणं हा गुन्हा आहे, हे मीच लोकांना सांगत असते. दोन दिवस तो माझ्या पर्समध्ये होता. कपाटाची किल्ली काढायला पर्स उघडली की दिसायचा. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "बाईनं स्वतःची वेतनवाढ सोडाय काढली हुती तुझ्यापायी. आणि तू तिला बोलत न्हवतीस?"

"मला काय ठावं हुतं?"

"इचारलंस कधी?"

तिसऱ्या दिवशी मी तो साहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचायला जेवढा वेळ घेतला तेवढा तो कागद लांब नव्हता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "म्हणजे या बाई मध्यान्हनंतर झाल्या होत्या, ते तुमच्यासाठी."

"हो, साहेब."

"बरं." त्यांनी सेवापुस्तक ओढलं, खाडाखोडीशेजारी मूळ अभिलेखाचा आधार लिहून सही केली. मला एक शब्द जास्त बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुस्तक पथकाकडं गेलं आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात शिक्का बसून परत आलं, काही आक्षेप नाही.

त्या दुपारी मी माझा डबा उचलला आणि तेरा वर्षांनी तिच्या टेबलाशी गेले. ती भाकरी मोडत होती. मी उभीच राहिले.

"तवा सांगितलं का न्हाईस?"

"सायबानं न्हाय म्हटलं. काम झालं असतं तर सांगितलं असतं. न झालेल्या कामाचं काय सांगायचं?"

"आणि आता? खुलाशात लिवायचं की. मी एवढं सगळं..."

"लिवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझी टिप्पणी तोंडावर पडली असती." तिनं खर्ड्याचा घास घेतला, सावकाश चावला. मग माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात काही गोडवा नव्हता. "आणि खरं सांगू का? मला बघायचंच हुतं, तू कुठवर जातीस. तेरा वर्सं बघत आलो. लिफाफा बत्तीला धरलेला बी बघितलाय मी."



"बस आता," ती म्हणाली. "उभ्यानं खाणार हाईस व्हय?"

बसले. तिनं माझी पोळी घेतली नाही आणि तिची भाकरीही पुढं केली नाही. दोघी आपापल्या डब्यातलं जेवलो.

एकतीस मेला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. समारंभ संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि तिनं शेवटचं विवरणपत्र दिलं. लिफाफा उघडाच होता.

"चिकटवला न्हाईस," मी म्हटलं.

"तू चिकटव. आधी बघून घे. लई वर्सं राहिलंय तुझं."

शाखेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मी ड्रॉवरमधून डिंकाची बाटली काढली, तिच्यादेखत लिफाफा बंद केला आणि सहीसाठी तिच्यापुढं धरला. आत बघावंसं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फार वाटलं. अजून वाटतं. ट्रॅक्टर होता की नव्हता, तेवढं तरी.

ती सही करून गेली. खाली तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता, शाल मागच्या काचेत दिसत होती. मी खिडकीपासून टेबलाशी येऊन तिचं सेवापुस्तक काढलं आणि शेवटची नोंद लिहिली: एकतीस मे रोजी मध्यान्हनंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त. निवृत्ती सगळ्यांची मध्यान्हनंतरच लिहितात. पुढच्या वर्षी माझ्या पुस्तकातही तेच लिहिलं जाईल. शेजारी साहेबांची सही घेतली, शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

मग तिची फाइल बंद करायला घेतली. कागद तारखेप्रमाणं लावले, पानांना क्रमांक घातले. नोंदीचा आधार म्हणून तिचा तो अर्ज आता कायम याच फाइलीत राहणार आहे, आणि याच फाइलीत माझी टिप्पणी. उद्या माझ्या जागेवर कुणीही येईल, फाइल उघडेल आणि दोन्ही वाचेल. मी फीत बांधली. तेरा वर्षं मी तिच्या पगारावर जळले. तो हेवा बरा होता, एका वेतनवाढीएवढा होता, दर महिन्याला मोजता यायचा. आता तिच्याकडं जे आहे आणि माझ्याकडं नाही, ते कुठल्याही एक जुलैला मला मिळणार नाही.